टाकीची सत्तावीस छिद्रं आणि माझा कूलर

मंगळवारी सकाळी आमच्या नव्या टाकीला सत्तावीस छिद्रं निघाली. मी स्वतः मोजली... दोनदा.

ओळखीच्यांना माहीत आहे, दारव्ह्याला आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. हे गेल्यापासून मीच बघते. गेट, ग्रिल, आणि उन्हाळ्यात ट्रॅक्टरमागे ओढायच्या पाण्याच्या टाक्या. ही टाकी जवळच्या एका तांड्याची होती. तिथली विहीर आटत आली आहे, त्यामुळे तांड्याचे प्रमुख असलेल्या नायकांचा रोज फोन... "बाई, टाकी झाली का?"

टाकी तपासायची आमची पद्धत साधी. जोडांवर बाहेरून खडूचं पाणी फासायचं, वाळू द्यायचं आणि आत पाणी भरायचं. जिथे झिरपेल तिथे पांढऱ्यावर ओला ठिपका उमटतो.

आमचे वेल्डर देविदासभाऊ ते ठिपके बघत उभे राहिले. यांच्या बरोबरीने शेड उभं केलेला हा माणूस, साठीला टेकलेला. मग त्यांनी चामड्याचे हातमोजे काढले आणि माझ्या टेबलावर ठेवले.

"वहिनी, हात गेला माहा. दुसरा मानूस पाहा आता."

पण यात माझाही एक निर्णय होता. महिन्यापूर्वी मी गॅस बदलला होता.

वेल्डिंग करताना वितळलेल्या लोखंडाला हवा लागू नये म्हणून टॉर्चमधून त्यावर गॅस सोडतात. आमच्याकडे वर्षानुवर्षं नुसता कार्बन डायऑक्साइड. काम पक्कं व्हायचं, पण छर्रे इतके उडायचे की अर्धा दिवस ते ग्राइंडरने घासण्यात जायचा. गॅसवाल्याने सुचवलं, आर्गॉन जास्त आणि कार्बन डायऑक्साइड थोडा, असं मिश्रण वापरून बघा.

देविदासभाऊ आधी कुरकुरले. "कायले पाह्यजे हा महागाचा गॅस? चांगलं तं चालून राह्यलं." पण पहिल्याच गेटला जोड असा सरळ, गुळगुळीत आला की स्वतःच त्यावरून बोट फिरवत बसले. दोन दिवसांचं काम सव्वा दिवसात होऊ लागलं... मी मनातल्या मनात यांना सांगूनसुद्धा टाकलं, बघा, जमलं मला.

आणि आता ही छिद्रं. गॅसवाला म्हणाला, सिलेंडर ठीक आहे. देविदासभाऊंनी काम करतानाच, जोड बिघडतोय असं वाटून, गॅस वाढवून पाहिला होता, करंट कमी-जास्त केला होता. शेवटी त्यांनी दोष स्वतःच्या हाताला दिला.

खरं सांगते, मी त्यांना म्हणणारच होते, भाऊ, खूप केलंत, आता आराम करा. शब्द अगदी ओठांवर होते. पण आधी चहा सांगितला आणि चहा येईपर्यंत त्या टाकीकडे बघत बसले.

तेव्हा लक्षात आलं... सगळे ठिपके टाकीच्या एकाच अंगाला होते. दाराकडच्या. पलीकडच्या बाजूचा खडू कोरडा ठणठणीत. हात थरथरत असता तर दोन्हीकडे थरथरला असता ना?

आणि दारात होता कूलर. मीच आणलेला. टाकीचं काम सुरू झालं त्याच दिवशी. यवतमाळचा उन्हाळा, वर पत्रा, त्यात वेल्डिंगची धग... भाऊंना थोडं बरं वाटावं म्हणून थेट त्यांच्या अंगावर वारा येईल असा लावला होता.

मला एकदम आमच्या कॉन्व्हेंटमधली सायन्सची लॅब आठवली. सिस्टर बरणीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यासारखा मेणबत्तीवर ओतायच्या आणि ज्योत विझायची. त्याआधी त्या न चुकता पंखा बंद करायला लावायच्या. आम्ही चाळीस मुली घामाने डबडबलेल्या, कुरकुरत... पण पंखा चालू असला की गॅस मेणबत्तीपर्यंत पोहोचायचाच नाही.

मी उठले, कूलरचं बटण बंद केलं आणि म्हटलं, "भाऊ, मोजे घाला. एक तुकडा जोडून दाखवा."

"आता काय पाह्यचं राह्यलं वहिनी?" म्हणाले, पण घातले. भंगारातल्या दोन पट्ट्या घेऊन जोडल्या. जोड स्वच्छ, एक टाचणी जाईल इतकंही छिद्र नाही. मग मी कूलर लावला आणि तसाच दुसरा तुकडा करायला सांगितला... तो पुरणाच्या चाळणीसारखा!

गॅस न लागणाऱ्या जुन्या रॉडने वेल्डिंग करताना असला वारा फारसा बाधत नाही, आणि भाऊंची उमेदीची वर्षं रॉडवरच गेलेली; गॅसवर आल्यापासून शेडमध्ये कूलर कधी नव्हताच. त्यामुळे वाऱ्याचा संशय त्यांना आलाच नाही. पलीकडच्या बाजूला टाकीच आडोसा झाली होती, म्हणून तिकडचे जोड वाचले.

भाऊंनी दोन्ही तुकडे शेजारी ठेवले. एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा कूलरकडे, मग माझ्याकडे.

"म्हंजे वहिनी, महिनाभर मी गॅस सोडून राह्यलो, अन् तुम्ही उडवून राह्यल्या?"

"महिना नाही हो, आठच दिवस."

"हो, तेवढंच पुन्य!" आणि इतके हसले की चहा सांडला.

छिद्रं घासून पुन्हा भरली. आता सकाळी सहाला काम सुरू होतं, दाराला ताडपत्री लावतो आणि कूलर चहाच्या बाकाजवळ हलवलाय. गुरुवारी टाकीला परत खडू फासला, पाणी भरलं. दुपारपर्यंत वाट बघितली... पांढरं ते पांढरंच राहिलं. शुक्रवारी टाकी तांड्यावर गेली.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. कूलर मी मायेनेच आणला होता. आणि "आराम करा" हेही मी मायेनेच म्हणणार होते. सिस्टर, तुमचा तो बंद पंखा इतक्या वर्षांनी आठवला म्हणून वाचले.

काल संध्याकाळी निघताना देविदासभाऊ टेबलापाशी आले आणि मोजे पुन्हा तिथेच ठेवले.

"फाटले हे," म्हणाले. "सोमवारी नवे आना."