साईनाथने न खाल्लेली भाकरी

बायडाबाई, तुम्हाला भित्री म्हणणाऱ्यांना खुशाल म्हणू द्या. त्या भीतीनेच तुमचं घर वाचलं. ते कसं, हे आता मीच सांगते.

खडकवासल्याच्या रस्त्याला, उंच इमारतींच्या मधोमध बायडाबाईंचं बैठं घर उरलं होतं. नवरा गेल्यावर भाचा साईनाथ फारच येऊ लागला. वाकून पाया पडायचा, म्हणायचा, "आत्या, घर बिल्डरला देऊन टाक. तुला सांभाळायला मी हाय न्हवं?"

बाईंना ते गोड वाटायचं. खटकायचं एवढंच, की तो त्यांच्याकडे काही खात नसे. भाकरी वाढली की पोट भरलेलं, चहा ठेवला की आत्ताच झालेला. लहानपणी हाच पोरगा त्यांच्या चुलीपाशी बसून ताटली चाटायचा.

त्या दुपारी तो म्हणाला, "उद्या गाडी आणतो. कचेरीत अंगठा देऊन येऊ."

बाईंनी पिठलं-भाकरी पुढे केली. "आधी घासभर खा, मग बोल."

साईनाथने ताट हलकेच मागे सारलं. नजर मात्र वर उचलली नाही.

त्या ताटाकडे बघून बाई धास्तावल्या. मनात खोट ठेवून कुणाचं मीठ खाल्लं, तर ते अंगावर फुटून निघतं, हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं. पोरगा ते विसरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दाराबाहेर हॉर्न वाजत राहिला. "आत्या, चल की गं!" बाई कडी लावून, पदर तोंडात धरून आत बसून राहिल्या. कचेरीत जायचं राहिलं, ते राहिलंच.