नानांच्या कानाशी ठेवलेला स्पीकर

नानांना गावी पाठवून द्यायचं, हे माझ्या थोरल्या भावाच्या घरी ठरत आलं होतं, आणि कारण सांगितलं जात होतं टीव्हीच्या आवाजाचं. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. आई गेल्यापासून ते भावाच्या सुरतेतल्या, पांडेसऱ्याजवळच्या फ्लॅटमध्ये राहत. खाट हॉलमध्ये, खिडकीखाली, टीव्हीसमोर. खिडकीतून डाइंग मिलच्या रंगाचा आणि तापल्या कापडाचा वास दिवसभर आत येई. सकाळचा चहा झाला की नाना रिमोट उचलत आणि आवाज वाढवत नेत, पार भिंतीवरच्या घड्याळाची काच थरथरेपर्यंत.

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर गुजरातीत लिहिलं, दादांचा, म्हणजे आजोबांचा, टीव्ही जरा हळू ठेवा ना. दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा त्यातलं आर्जव गळून पडलं होतं. वहिनी मग मला फोनवर गावाबद्दल सांगू लागल्या. तिथे कशी मोकळी हवा आहे, कशी शांतता आहे. शांतता हा शब्द त्या इतक्या मायेने उच्चारत की एखाद्याला वाटावं, त्या नानांना तूपभात वाढताहेत. खानदेशातलं आमचं ते घर आई गेल्यापासून बंद होतं. शेजारच्या काकू जेवणाचा डबा देतील, इथपर्यंत बोलणं होऊन गेलं होतं. नानांना मात्र कोणी काही विचारलं नव्हतं.

मला ते थांबवायचं होतं. भावाकडे एक होम थिएटर होतं, कुठल्याशा दिवाळीत हौसेने घेतलेलं. रिसीव्हर, पाच स्पीकर आणि घुमाऱ्याचा एक जड ठोकळा, सबवूफर. नवा टीव्ही आला तेव्हा जुन्या वायरी त्याला बसेनात, म्हणून तो सगळा संसार शोकेसमध्ये फुलदाणीशेजारी बसून होता. मी थोडं वाचलं, थोडं विचारलं. हल्लीचे टीव्ही इतके सपाट असतात की त्यांचा आवाज मागे भिंतीवर आपटतो आणि शब्द फुटून जातात. होम थिएटरमध्ये माणसांचं बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतं. तो स्पीकर पडद्याखाली न ठेवता स्टुलावर, नानांच्या उशाशी ठेवला, तर हळू आवाजातही त्यांना शब्द न् शब्द लागेल. अंकगणितासारखं निर्दोष वाटलं मला ते. नवी एचडीएमआय केबल घेऊन मी एका रविवारी दुपारी भावाकडे गेले.

“कर बाई,” भाऊ म्हणाला. “मास्तरीण आहेस. तुला सगळंच येतं.”

वहिनींनी ओलं फडकं पुढे केलं. “ताई, आधी धूळ पुसा. आणि माझं शोकेस होतं तसं करून द्या.”

टीव्हीच्या पाठीमागे हात घातला तर तिथे एक वेगळाच ऋतू होता. उबट, कोरडा, तापल्या प्लॅस्टिकच्या वासाचा. तीन खाचा, तिन्ही सारख्या. चाचपडत केबल एकीत बसवली, दुसरं टोक रिसीव्हरमध्ये खोचलं, आणि रिसीव्हर मुका राहिला. मोबाइलचा उजेड पाडला तेव्हा दिसलं की एकाच खाचेशेजारी बारीक अक्षरांत एआरसी लिहिलं आहे. टीव्हीचा आवाज केबलवाटे उलट रिसीव्हरकडे जातो तो तेवढ्याच दारातून. केबल तिथे हलवली. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचे स्वतःचे स्पीकर बंद केले आणि आवाज बाहेरच्या यंत्राकडे वळवला. रिसीव्हरच्या कपाळावर निळसर अक्षरं उगवली.

आणि नानांच्या उशाशी एका बाईचा आवाज उमटला. कुठल्याशा मालिकेतली सून काहीतरी विनवत होती. चिंचेने घासलेल्या तांब्यासारखा लख्ख आवाज. शब्दांच्या मधला श्वाससुद्धा कळत होता. मी नानांसमोर वाकून विचारलं, ऐकू येतं का? त्यांनी मान हलवली आणि हसले. इतक्या हळू आवाजात त्या घरात टीव्ही कितीतरी महिन्यांनी चालला असेल. वहिनी चहा ठेवायला गेल्या, हीच त्यांची पावती. मी भावाला स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हटलं, मग आता गावाचं नको ना काढायला? तो कपाकडे पाहत म्हणाला, आवाज असाच राहिला तर त्याला तरी कुठे हौस आहे.

आमचे कप अजून गरम होते. आधी मांडणीतली ताटं किणकिणली, मग फरशी तळव्यांखाली हलली, आणि मग तो आवाज आला. टीव्हीचा पूर्वीचा आवाज त्यापुढे कुजबूज होती. नाना खाटेवरून उठून रिसीव्हरपाशी गेले होते आणि त्यांनी तिथली मोठी गोल कळ हाताने फिरवली होती. ठोकळ्यासमोर ते डोळे मिटून उभे होते. सुनेची विनवणी त्या घुमाऱ्यात बुडून गेली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी आई गेल्यानंतर न पाहिलेला निवांतपणा होता.

भावाने धावत जाऊन बटण बंद केलं. “नाना, कानाशी आणून ठेवलाय, तरी ऐकू येत नाही तुम्हाला?”

नाना खाटेवर बसले. भावाच्या तोंडाकडे पाहत त्यांनी घरच्या अहिराणीत उत्तर दिलं. “माले ऐकानं नही रे. मना कानमा खातं चालूच शे. आवाज मोठा कया का ते दबी जास.”

त्यांना ऐकायचं नव्हतंच, कानात चालू असलेलं खातं दाबायचं होतं. खातं म्हणजे संच्यांचा कारखाना. सुरतेत यंत्रमागांना संचे म्हणतात. नानांचा सगळा जन्म कडोदऱ्याच्या खात्यात गेला. आम्ही दोघं भावंडं त्याच्याच मागच्या खोलीत वाढलो. तिथे कोणी कोणाशी आवाजाने बोलत नसे, कारण खटखटीपुढे आवाजाला किंमतच नव्हती. कारागीर एकमेकांचे ओठ वाचत, तीन संचे पलीकडून थट्टा करत आणि समोरचा हसतही असे. निवृत्त होताना नानांनी खातं मागे सोडलं, असं आम्ही धरून चाललो होतो. ते त्यांच्या डोक्यातच चालू होतं, बिनपाळीचं, बिनसुट्टीचं. घर जितकं शांत, तितके ते संचे मोठ्याने चालत. मघाशी त्यांनी मान हलवली ती माझ्या ओठांना. उशाशी ठेवलेला तो लख्ख, हळू आवाज त्यांच्या काहीच उपयोगाचा नव्हता. टीव्हीचा गोंगाट ही त्यांची सोबत नव्हती, करमणूक नव्हती. ती डोक्यातल्या खात्यावर अंथरलेली गोधडी होती, आणि मी ती मोठ्या कौशल्याने ओढून घेतली होती.

मग भाऊ समजूतदार स्वरात म्हणाला, “मग तर गावच बरं. तिथे वर कोणी राहत नाही. हवा तेवढा मोठा लावा म्हणावं.”

त्या स्वरात क्रौर्य असतं तर मी भांडले असते. मी नानांना म्हटलं, माझ्याकडे चला.

“अंडेरना घर कोन ऱ्हास?” नाना म्हणाले.

अंडेर म्हणजे लेक. लेकीच्या घरी बापाने मुक्काम करायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. जुनी माणसं तर लेकीच्या घरचं पाणीही पीत नसत. नानांनी ती रीत पाळली याचं मला दुःख झालं. पण भाऊ, जो एरवी असल्या रीतींची टिंगल करतो, तो त्या क्षणी चकार शब्द बोलला नाही. वहिनींनी रिकामे कप गोळा केले. त्यांचा तो सुटकेचा निःश्वास मी ऐकला, आणि तो अजून माझ्यात कडू होऊन राहिला आहे.

नाना गावी गेले. सोबत एक लहानसा जुना टीव्ही दिला होता, पण त्याचा आवाज पातळ, आणि घर मोठं. मधला स्पीकर वहिनींनी पडद्याखाली नेऊन ठेवला. भाऊ आता त्यावर क्रिकेटच्या मॅच पाहतो आणि जोडणी छान झाली म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला माझं कौतुक सांगतो.

परवा काकूंचा फोन आला. नाना रोज सकाळी पिठाच्या गिरणीत जाऊन बसतात, त्या सांगत होत्या. जवळ दळण नसतं. पट्टा फिरू लागला की जात्याशेजारच्या भिंतीला पाठ लावून डोळे मिटतात. गिरणी थांबली की उठतात आणि पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांनी घरी येतात. लोक काकूंना विचारतात, म्हाताऱ्याला घरी भाकरी मिळत नाही का.

मी हे भावाला जसंच्या तसं सांगितलं.

“बरं झालं,” तो म्हणाला. “रमले म्हणायचे.”