एकदा थांबलेलं घड्याळ

ऑफिसात तिला शंकाबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे, कारण शंका घेण्याचाच तर तिला पगार मिळायचा. कंपनीचा डेटाबेस सर्व्हर सगळी माहिती मेमरीत ठेवायचा, म्हणून वाऱ्यासारखा पळायचा. पण वीज गेली की मेमरी कोरी. त्यामुळे प्रत्येक नोंद मागोमाग डिस्कवर उतरवणं आलं. शंकाबाई आपोआप चालणाऱ्या चाचण्या लिहायची. सर्व्हरमध्ये लाखभर नोंदी भरायच्या, मध्येच वीज गेल्यासारखा त्याचा गळा दाबायचा, पुन्हा उठवायचा आणि विचारायचं, "बाबा रे, काय काय आठवतंय?" सगळं आठवलं तर पडद्यावर हिरवी खूण, एक नोंद जरी विसरला तरी लाल.

अशा चाचण्यांत एखादी खोडसाळ निघते. चाळीस वेळा हिरवी येते आणि एकदाच लाल. मग मंडळींचा ठरलेला मंत्र: "पुन्हा चालव, हिरवी होईल." खरंच व्हायची, आणि मंडळी जेवायला जायची. शंकाबाई मात्र खनपटीला बसायची. एकदा लाल आलेली चाचणी शंभर वेळा चालवल्याशिवाय ती पुढे सोडत नसे.

हा हट्ट तिने कॉलेजात नाही, दादाच्या दुकानात उचलला होता. दादा घड्याळं दुरुस्त करायचा. आईवडील लवकर गेले, तेव्हा त्याने आणि वहिनीने तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. शाळेचा अभ्यास तिने त्याच्या काउंटरच्या टोकाशी बसून केला. गिऱ्हाईक घड्याळाला टिचकी मारून म्हणायचं, "बघा, चालतंय की!" डोळ्यावरचं भिंग न काढता दादा विचारायचा, "आत्ता चालतंय हो. मघाशी का थांबलं होतं?" आणि आठ दिवस ठेवून घ्यायचा. लोक वैतागून दुसरीकडे जायचे. दुकान काही वाढलं नाही, पण दादाने तपासलेलं घड्याळ कधी बिघडून परत आलं नाही.

मग एका सकाळी दादाच्या छातीत कळ आली. थोडा वेळ राहिली आणि गेली. वहिनीचे गुडघे धरले होते, म्हणून शंकाबाईच त्याला दवाखान्यात तपासायला घेऊन गेली. तिथल्या बाईंनी छातीला वायरी लावून कार्डिओग्राम काढला, पट्टीकडे बघून कपाळाला आठी घातली. "वायर सैल असेल. पुन्हा काढू." दुसरी पट्टी स्वच्छ आली.

"पहिलीही दाखवायची का डॉक्टरांना?" बाईंनी विचारलं.

त्या दिवशी दुपारी दोनला कंपनीच्या सर्व्हरची नवी आवृत्ती बाहेर पडायची होती. फोन सारखा थरथरत होता. आणि खरं सांगायचं तर ती घाबरली होती. पहिल्या पट्टीकडे तिला बघवत नव्हतं. "दुसरी चांगली आलीय ना? मग झालं," ती म्हणाली आणि पहिली पट्टी घडी करून पर्समध्ये टाकली. डॉक्टरांनी दुसरी पाहिली, दादाच्या पाठीवर थाप मारली. तासाभरात तो घरी होता.

बारा दिवसांनी दादा दुकानात, भिंग डोळ्याला असतानाच गेला.

तीन आठवड्यांनी ती कामावर परतली. पहिल्याच दिवशी एक चाचणी लाल आली. टीमचा प्रमुख हळू आवाजात म्हणाला, "आज राहू दे. पुन्हा चालव, हिरवी होईल." तिने चाचणी पुन्हा लावली. शंभर वेळा चालवली. सत्त्याण्णव हिरव्या, तीन लाल. दुपारपर्यंत चोर सापडला: डिस्कवर लिहून होण्याआधीच सर्व्हर "लिहिलं" म्हणून मोकळा होत होता. नेमकी तेवढ्यात वीज गेली, तर नोंद कायमची गेली. मंडळी खुर्चीभोवती जमली. "शंकाबाई, तुझ्या नजरेतून काही सुटायचं नाही!" कुणीतरी कौतुकाने म्हणालं. ती उठली, नळाशी गेली, तोंडावर पाणी मारलं आणि बेसिनची कड धरून उभी राहिली. तिला स्वतःची किळस आली होती. यंत्राच्या एका नोंदीसाठी शंभर वेळा, आणि दादासाठी दोनदा.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वहिनी दुकानातली घड्याळं पुढ्यात घेऊन बसली होती. ज्याचं त्याला परत द्यायचं, म्हणून नावांच्या चिठ्ठ्या बांधत होती. शंकाबाईने पर्समधली पट्टी काढून तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. वायर, फोन, भीती, काहीच लपवलं नाही.

वहिनीने पट्टी उलगडली. तिला त्यातलं काय कळणार? तरी तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

"ह्यांना माहीत होतं, पहिली अशी आली ते?"

"नाही. वायर सैल होती एवढंच त्याने ऐकलं. बाईंनी मला विचारलं तेव्हा तो पडद्याआड शर्ट घालत होता."

वहिनीने पट्टी होती तशी घडी केली. रडली नाही, रागावलीही नाही. मग अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "एकदा थांबलेलं घड्याळ तुम्ही दोघं भावंडं आठ दिवस ठेवून घेता. ह्यांना तू तासाभरात घरी कशी गं घेऊन आलीस?"

वहिनीने पुढचं घड्याळ उचललं, कानाला लावून ऐकलं. टिकटिक मध्येच अडखळत होती. तिने त्याला चिठ्ठी न बांधता बाजूला ठेवलं.