जयवंत गवस आणि संडासाचा गॅस

कापडगिरणीत सोळा वर्षं विणायचे साचे चालवलेल्या जयवंत गवसाला संपानंतर तीन वर्षांनी काम मिळालं, ते संडासाचं. नाहूरला त्याच्या चाळीमागे एका संस्थेने सार्वजनिक संडासाला जोडून विहीर बांधली होती. मैला आत कुजायचा, गॅस साठला की विहिरीवर पालथी घातलेली लोखंडी टाकी वर उचलली जायची, आणि नळीतून तो गॅस बारा घरांच्या शेगड्यांत. टाकी सांभाळायला माणूस हवा होता. चाळीतले शिकलेले बेकार नाकाला रुमाल लावून पळाले. जयवंताच्या घरात चार तोंडं होती, तो थांबला.

ज्योत निळी, काजळीचं नाव नाही. पण तिच्यावर तापायचं फक्त आंघोळीचं पाणी. पुतळाबाईंचा तसा हुकूमच होता. पुतळाबाई म्हणजे चाळीचं धर्मपीठ. आठवड्यातले चार दिवस स्वतःचे उपास, उरलेले तीन दुसऱ्यांचे मोडले का ते बघण्यात.

"जयवंता, त्या आगीवरचा भात माझ्या घशाखाली उतरायचा नाही हो!"

"काकी, माल तर तुमचाच ना?"

"मेल्या, तोंड धुवून ये आधी."

डिसेंबरात रेशनवरचं रॉकेल गायब झालं. पहिल्या आठवड्यात त्या आगीवर चहा झाला. चहा काय, पाणीच ते. दुसऱ्यात डाळ शिजली. तिसऱ्यात पुतळाबाईंना पोथीत आधार सापडला की अग्नी मुळातच पवित्र. पोथी घरात तीस वर्षं होती. देव बिचारा सगळं ऐकून घेतो.

सव्वीस जानेवारीला चाळीचा सत्यनारायण. प्रसादाचा शिरा याच गॅसवर करायचा ठरला. संस्थेचे चंद्रप्रकाश साहेब त्याच दिवशी तपासणीला येणार होते. त्यांनी जयवंताला बजावलं होतं, "बाराही शेगड्या पेटल्या तर तू कायम. नाहीतर विहीर बुजवू, तुलाही सुट्टी."

आणि तेवीस तारखेपासून टाकी खाली बसायला लागली.

जयवंताने नळीचा सांधा न् सांधा साबणाचं पाणी लावून पाहिला. कुठे बुडबुडा नाही. साचा बिघडला तर त्याला आवाजावरून कळायचं. ही विहीर काही बोलायला तयार नव्हती. संडास मात्र दरवळत होते फिनेलने. आपल्याशिवाय कुणीतरी साफसफाईला हात लावला, याचाच त्याला आनंद!

पूजेच्या सकाळी शेवंतीने, त्याच्या बायकोने, सव्वा मापाचा रवा घेऊन काडी ओढली. शेगडीने नुसती फुस्स केलं. साहेब दारात उभे.

पुतळाबाई पुढे सरसावल्या. "यालाच विचारा साहेब! आळशी मेला. नैवेद्याची आग सोवळ्यातली हवी, म्हणून आम्ही बायकांनी तीन दिवस कंबर मोडून संडास धुतले. आणि हा दुपारचा घोरत होता."

"कशाने धुतलेत?"

"फिनेलने! वर्गणी काढून आणलं. चांगल्या बारा बाटल्या. वर दोन ॲसिडच्या."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "बाई, हा गॅस जंतू करतात. विहिरीतले, डोळ्यांना न दिसणारे. सगळे मारलेत तुम्ही."

"सत्यनारायणाच्या दिवशी मला हत्येचं पाप लावता?"

चाळ खदखदून हसली. साहेब नाही हसले. त्यांनी वहीत काहीतरी खोडलं आणि म्हणाले, "गवस, विहीर उपसा, तबेल्यातून शेण आणून भरा. महिन्याने येतो. तोवर या संडासात काय ओतायचं ते तुम्ही सांगायचं. दुसऱ्या कुणी नाही."

शिरा शेजारच्या अंजनाबाईंच्या कोळशाच्या शेगडीवर झाला, तळाला करपला. जयवंताने तो दोनदा मागून खाल्ला.

पुढे महिनाभर तो मुलुंडच्या तबेल्यातून हातगाडीने शेणाचे डबे ओढत होता. फेब्रुवारीच्या शेवटी टाकी वीतभर उचलली गेली, मग हातभर. त्या सकाळी पुतळाबाई बादली घेऊन संडासाच्या दारात ताटकळत उभ्या होत्या.

"जयवंता, नुसतं पाणी तरी ओतू ना रे?"

त्याने टाकीकडे पाहिलं.

"अर्धी बादली ओता, काकी," तो म्हणाला.