बधिर बोटं आणि सुनंदावन्सं

दुपारचं जेवण झालंय. मी आडवी होते. ब्रेलचं पुस्तक पोटावर उघडं आहे, पण बोटांना ठिपके लागत नाहीत. केमो संपून काही महिने झाले. गाठ गेली, आणि बोटांची टोकं बधिर झाली. मी जन्मापासून आंधळी, माझं सगळं वाचन या बोटांत. पंख्याचा आवाज लांब लांब जातो.

"मृदुला, सरक जरा."

या सुनंदावन्सं, माझ्या नवऱ्याची, जयंतची, थोरली बहीण. पेशींवर संशोधन करायच्या. गेल्या वर्षी हृदयविकारानं गेल्या. पलंग त्यांच्या वजनानं दबतो आणि मला नवल वाटत नाही.

"वन्सं, औषधानं गाठ मारली ते ठीक. बोटांनी काय केलं होतं?"

"चल, दाखवते."

पाऊल टाकते तर खाली गार फरशी, त्यांच्या प्रयोगशाळेतला स्पिरिटचा वास. त्या माझ्या हातात काचेची बशी देतात. आत काहीतरी वळवळतं, मग शांत होतं.

"या कॅन्सरच्या पेशी. सारख्या एकीच्या दोन होतात. औषध ते होऊ देत नाही, म्हणून मरतात."

दुसरी बशी कोमट आहे.

"या नसांना आधार देणाऱ्या. नसेला वेढा घालून बसतात, वाढत नाहीत फारशा. तेवढ्या औषधानं मरत नाहीत."

"मग?"

"काम विसरतात. वेढा सोडतात आणि लहान पोरींसारख्या नुसत्या बसून राहतात. नसेलाही थोडं लागलेलं असतंच."

"पुन्हा शिकतील?"

"पुष्कळांच्या शिकतात. सगळ्या शिकतीलच असं नाही सांगणार." वन्सं खोटा धीर कधीच देत नसत. "पण जिवंत आहेत गं."

हातातली बशी जड होते, गुळगुळीत, देठ असलेली. पायाखाली वन्संच्या परसातली ओली माती. मी वांगं धरून उभी आहे.

"भरून कर," त्या म्हणतात. "जयंतला मीठ कमी घाल."

आवाज वाफ्यांपलीकडे जातो. मी त्यांना थांबवत नाही. बरं वाटतंय.

पंखा. उशी. उजव्या तर्जनीत काहीतरी टोचतंय.

"जयंत, बघ जरा बोटाला."

तो मला खिडकीशी नेतो. "काटा आहे. वांग्याचा वाटतो. घरात तर वांगी नाहीत." चिमटा लावतो आणि थबकतो. "तुला दुखतंय?"

"दुखतंय," मी म्हणते.

तो चिमटा बाजूला ठेवतो. काटा आम्ही थोडा वेळ तसाच राहू देतो.