जाळ्याचा सातवा डोळा

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर हसतच आली, हे आधीच कबूल करते. सावली गावाजवळच्या आमच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, भुताचा दिवा फिरते म्हणतात... त्याच बोडीत मी जन्मभर मासे धरले, मले साधी काडीसुद्धा पेटलेली दिसली नाई. शाळेत मी गेली नाई, माझ्या पोरीच्या, रंजूच्या, पुस्तकांवरून वाचायले शिकली. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर ढिवराचं. रंजूचे बाबा जाळं विणत, पण शेवटचा डोळा, म्हणजे जाळ्याचं शेवटचं घर, रंजूनंच बांधायचा. ती एवढीशी होती तवापासून हा नेम. शेवटचं जाळं झालं तवा ती परदेशात शिकत होती. खालच्या ओळीतला डावीकडून सातवा डोळा उघडा ठेवून ते म्हणाले, "पोरगी येईल, बांधील." मग तेच गेले. तिचं येणं काही झालं नाई. जाळं भिंतीवर तसंच.

रंजूचं काम केसाहूनही लई बारीक तारेवर. तार सेमीकंडक्टरची, वरून सुपरकंडक्टरचा थर. भयंकर थंडीत ठेवून तिच्यातून करंट किती जाते ते मोजायचं. त्याचं रंगीत चित्र तिनं फोनवर पाठवलं.

"आई, पाह्य, बाबाचं जाळं!"

खरंच, चौकटीला चौकट लागलेली. एकच चौकट उघडी.

"तीच तर गंमत आहे. बाकीच्या बंद होतात, ही होत नाई. अजून एकदा अशीच मोजून दाखवली का माझे सर मानतील, शिक्षण संपलं, मी सुटली."

मी बोट ठेवून मोजलं. डावीकडून सातवी. रंजूले बोलली नाई, हसली असती.

पुढच्या रविवारी तिचा फोन. "आई, याही वर्षी घरी येणं जमत नाई गं. मोजणी सुरू आहे."

"राय मग तिथीच, त्या तारेपाशी!" म्हणून मी फोन ठेवला. राग डोक्यात होता. भर दुपारी बांबूची सुई घेतली अन् तो डोळा मीच बांधून टाकला. कोणाची वाट पाहायची?

दुसऱ्या दिवशी पोरगी रडत होती. "गेलं, आई. सातवी चौकट बंद झाली."

"कवा?"

"काल. तुझ्याकडं दुपार असंल."

फोन ठेवला अन् गाठ सोडली... पण तिथी काही परत उघडलं नाई. रंजू म्हणते, तारेजवळ कुठंतरी एखादा चार्ज सरकला असंल, असं होते कधीकधी. आता नवी तार, पहिल्यापासून मोजणी. म्हणजे अजून दोन वर्षं तरी घर नाई.

तिचं म्हणणं खरं असंल. पण सातवीच काऊन, अन् त्याच दुपारी काऊन, हे मले आजही समजलं नाई. तिले मी सांगितलंही नाई, तुम्हालेच पहिल्यांदा सांगून राह्यली.

परवा व्हिडिओवर म्हणे, "आई, जाळं दाखव ना."

माळ्यावर ठेवलं, म्हटलं. भिंतीवरच होतं, फोनच्या मागं, तिले दिसणार नाई असं. गाठ मी सोडली, पण दोऱ्याले पीळ राहिला आहे. बाबाच्या हाताखाली शिकलेली पोरगी ती, पाहिल्याबरोबर ओळखंल का इथी गाठ बांधून सोडली.