बाजार नसलेल्या दिवशीची मोजणी

नव्वदच्या दशकात आदिलाबादची जुनी मीटरगेज गाडी चालवायची की बंद करायची, हे ठरवायला एक अधिकारी डब्यात माणसं मोजत होता. मी वार्ताहर म्हणून सोबत होतो. समोर एक भाजीवाली कोथिंबिरीवरचं ओलं फडकं नीट करत होती. बसवाले तिची टोपली घेत नसत. गाडी गेली की तिचा धंदा संपणार होता.

"साहेब, आज बाजार नाही. बाजाराच्या दिवशी या न, उभं राहाले जागा भेटनार नाही. आजच काऊन मोजून राह्यले?"

"आजचाच हुकूम आहे."

"मंग लिवा, गावातल्या बाकीच्या बाया मेल्या!"

त्याने तिच्यासाठी एक रेघ ओढली. बाजाराच्या दिवसाबद्दल एक अक्षरही न लिहिता तो पुढचा रिकामा डबा मोजायला गेला.